रविवारची माळशेज राइड: पेट्रोल भरताना एवढं पाळाच

मंडळी, रविवारी पहाटे ५ वाजता मुलुंड चेकनाक्यावर जमायचं आहे. जाताना मुरबाडला सगळे एकाच पंपावर पेट्रोल भरू.

गेल्या राइडला आपल्यातला एक जण गाडीवर बसूनच टाकी भरून घेत होता. नोझल काढताना ओघळ थेट तापलेल्या इंजिनावर आला, चर्र झालं आणि वाफ उठली. नशीब, भडका उडाला नाही. म्हणून या वेळी:

- इंजिन बंद. चालवणारा आणि मागचा, दोघांनीही खाली उतरायचं. पेट घेतला तर मांडीखाली टाकी असताना पळायला वेळ मिळत नाही.
- मोबाइल खिशात. यूपीआयने पैसे द्यायचे तर गाडीपासून बाजूला होऊन द्या.
- टाकी काठोकाठ नको. उन्हात पेट्रोल फुगतं, वर थोडी जागा लागते.
- सांडलंच तर आधी पुसून घ्या, गाडी ढकलत लांब न्या, मगच स्टार्टर मारा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत रेंगाळत राहते.

मीटरवर शून्य बघायला विसरू नका. पंपाच्या आवारात सिगारेट कुणीही काढायची नाही, यावर चर्चा नको.

येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.