अॅव्हरेज वाढवणारी चकती : बीड-संभाजीनगर सहा फेऱ्यांचा हिशोब

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या आधी सकाळच्या पेपरात एक रंगीत पत्रक घडी घालून आलं होतं, गाडीच्या हवेच्या पाइपात ही चकती बसवा, अॅव्हरेज 20 ते 30 टक्के वाढेल, पिकअप डबल, खाली ‘आयएसओ सर्टिफाइड’ असा गोल शिक्का. आमच्या भागात पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून माणूस अशा कागदाकडे बघणारच, परभणीच्या भावाची तर दर वेळी बातमी होते. मीपण 1800 रुपये देऊन घेतली. स्टीलची, पंख्यासारखी वाकडी पाती असलेली, एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपात दाबून बसते. दुकानदार म्हणे हवा गोल फिरत आत जाते अन् पेट्रोल पूर्ण जळतं.

पहिल्या दिवशी मलाही वाटलं की गाडी हलकी चालतेय. पण चकती बसवताना त्या पोराने फिल्टर झटकला होता, टायरात हवा भरली होती, आणि पैसे दिलेत म्हणून माझा पायसुद्धा अॅक्सिलरेटरवर हळूच पडत होता, मग नेमका फरक कशाचा हे कसं कळणार? म्हणून ठरवलं की नीट मोजायचं.

माझं बीड-संभाजीनगर कामानिमित्त सारखं जाणं असतं, गेवराई, शहागड, पाचोड, आडूल, तोच रस्ता, जाऊन-येऊन 262 किलोमीटर. 1.2 लिटरची साधी पेट्रोल गाडी. आमच्या फिटरला म्हटलं तू चकती कधी बसव, कधी काढून ठेव, मला सांगू नको, फक्त तुझ्या वहीत लिहून ठेव, सहा फेऱ्यांत तीनदा आत अन् तीनदा बाहेर. पंप तोच, नोझलही तेच, पहिला कट झाला की पेट्रोल बंद, टायरात थंड असताना 33 हवा, एसी बंद, काटा 80 वर, दर वेळी सोबत मेव्हणाच, म्हणजे वजनही तेवढंच. सहाव्या फेरीनंतर फिटरच्या दुकानात दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. चकती असताना 13.7, 13.5 आणि 13.8 म्हणजे तीन फेऱ्यांना 41 लिटर, नसताना 13.6, 13.4, 13.7 म्हणजे 40.7 लिटर. अॅव्हरेज 19.2 आणि 19.3. वारं थोडं उलटं असलं तरी एवढा फरक पडतो, म्हणजे फरकच नाही म्हणा. आज चकती आहे की नाही याचा मी दर वेळी आधी अंदाज लिहायचो, सहापैकी चार चुकले. मेव्हण्याने मोबाइलवर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 चा वेळही धरला होता, तोही चकती असताना जराही कमी झाला नाही.

असं का होतं हे फिटरने पाइप काढूनच दाखवलं. चकतीच्या पुढे थ्रॉटलची झडप, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की उघडते ती, तिला आपटली की हवेचा भोवरा तिथंच मोडतो, त्यापुढं हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या पाइपांची, म्हणजे मॅनिफोल्डची, वळणं, आणि इंजेक्टर पेट्रोल उडवतो तो त्याच्याही पुढं, इंजिनच्या तोंडाशी. मग भोवरा आणि पेट्रोल यांची गाठ पडतेच कुठं? उलट पाती हवेच्या वाटेत आडवी. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर सेन्सरवरून ठरवतो, साधारण 14.7 किलो हवेला 1 किलो पेट्रोल, आणि सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर ते सारखं तपासत असतो. न जळता वाया जाणारं पेट्रोल चांगल्या गाडीत इतकं कमी असतं की तिथून 20-30 टक्के वाचणं शक्यच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1970 च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त साधनं तपासली, सांगण्यासारखी बचत एकातही दिसली नाही.

दुसरा प्रकार उघड्या कोनसारख्या फिल्टरचा, पोरं आवाजासाठी हौसेनं लावतात. आपल्या मे महिन्यात बाहेर 42 डिग्री असताना बोनेटखाली सहज 65 होतात, उघडा फिल्टर तिथलीच हवा ओढतो, आणि तेवढी गरम हवा साधारण 7 टक्के विरळ असते. कंपनीचा पाइप बाहेरची हवा ओढतो तो त्यासाठीच. वर आपल्याकडं रस्त्याची कामं, उसाचे ट्रॅक्टर, काळ्या मातीचा फुफाटा, बारीक धूळ आत गेली तर पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि तो खर्च 1800 मध्ये भागत नाही.

साहेब, माझी विनंती पत्रकं वाटणाऱ्या सगळ्याच पेपरांना आहे. आयएसओचा शिक्का कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचा असतो, त्यात अॅव्हरेज कोणी मोजत नाही. मोजणारी संस्था पुण्यात आहे, एआरएआय, 1966 पासून. असं पत्रक आलं की विक्रेत्याकडं तिथला किंवा तशाच लॅबचा रिपोर्ट मागा, नसेल तर पेपरात घालू नका. 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, आणि ज्यांचे पैसे गेलेत त्यांना ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करता येते, मी केली आहे. ऊसतोडीवरून आलेला माणूस सेकंडहँड जीपमध्ये ही चकती बसवून घेताना मी त्याच दुकानात पाहिलाय, त्याचे 1800 म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी आहे.

वह्यांचे फोटो सोबत जोडले आहेत, छापले तर बरं होईल.

आपला नियमित वाचक,
बीड