नवी पेठेतल्या मोबाईलवाल्या दादांना

नमस्कार दादा,

पांढरी टोपी घातलेल्या एका वयस्कर माणसाला घेऊन मी तुमच्या दुकानात आले होते. ते माझे आप्पा. तुमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही माहीत नाही. पण तुम्ही आमचं केवढं मोठं काम केलंत ते चारचौघांत सांगावं, म्हणून हे पत्र.

आप्पांचा टॉवेल-चादरींचा व्यापार. विजयपूर, कलबुर्गीकडची गिऱ्हाइकं फोनवरच माल सांगतात. बिलबुक, दुकानाची पाटी, बँक, आधार, सगळीकडे एकच नंबर. गोदामात रेंज मिळत नव्हती, म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. नवं सिम भावाने दिलेल्या आयफोनमध्ये घातलं, तर सेटिंगमध्ये आप्पांचा म्हणून भलताच नंबर! आप्पांची झोपच उडाली. आपला नंबर कुणीतरी पळवला, आता खातं रिकामं होणार, एवढंच त्यांच्या डोक्यात. एका ठिकाणी तर फोन पूर्ण पुसून पुन्हा नवं सिम घ्या म्हणाले.

तुम्ही आधी आप्पांना स्टूल दिलंत, पाणी दिलंत. मग म्हणालात, "आप्पा, माझ्या फोनवर एक कॉल लावा." तुमच्या स्क्रीनवर आप्पांचाच नंबर आला. तिथेच निम्मी भीती गेली.

उरलेली तुम्ही समजावून घालवलीत. कंपनी सिमला ओळखते ती आयएमएसआय नावाच्या, बहुधा पंधरा आकड्यांच्या क्रमांकावरून. भारतातल्या सिमचा तो 404 किंवा 405 ने सुरू होतो. त्याला कोणता मोबाईल नंबर जोडलाय, याची नोंद कंपनीकडे असते. सेटिंगमध्ये दिसतो तो सिमच्या मेमरीत एका कोपऱ्यात नोंदवून ठेवलेला नंबर. तो चुकीचा असला तरी कॉल आणि ओटीपी आपल्यालाच येतात. हे ऐकून आप्पा म्हणाले, "म्हणजे गठ्ठ्यावर चिठ्ठी दुसऱ्याची, माल आपलाच!" तेव्हा तुम्ही किती मोकळं हसलात.

मग सेटिंग, ॲप्स, फोन, माय नंबर असं एकेक दाखवत खरा नंबर तिथे मलाच टाकायला लावलात. कॉन्टॅक्टमधल्या आप्पांच्या कार्डावरचाही तपासून घेतलात. व्हॉट्सॲपला मात्र हात लावू दिला नाहीत. ते आधी नोंदवलेल्या नंबरावर चालतं, नंबर खरोखर बदलला तरच तिथलं 'चेंज नंबर' वापरायचं, हे बजावलंत. मला हे कुणी सांगितलं नसतं तर मी तेही करून बसले असते.

सगळ्यात जास्त भावलं ते पुढचं. आप्पांच्या नावावर एकूण किती सिम आहेत, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कसं पाहायचं हे तुम्ही शिकवलंत. ओटीपी आला तेव्हा तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत. कुणी मागितला तरी द्यायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करायचा, हेही आप्पांना दोनदा म्हणून दाखवायला लावलंत. माझ्या सांगण्याने जे होत नव्हतं, ते तुमच्या शब्दाने झालं. आता अनोळखी फोन आला की आप्पा आधी नाव-गाव विचारतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. "यात काय केलं मी?" म्हणालात. दादा, घाबरलेल्या माणसाला घाई न करता समजावणं ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. आप्पांनी तुमच्या घरासाठी टॉवेलचा एक जोड बाजूला काढून ठेवलाय. रविवारी आम्ही घेऊन येतोय, तेवढं नाही म्हणू नका.

तुमची आभारी,
आप्पांची लेक, सोलापूर