ओटीपी तुझ्याकडे, चक्कर मला

नौपाडा, ठाणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोन केला की 'आई, मीटिंगमध्ये आहे' ऐकू येतं, म्हणून पोस्टाने लिहितेय.

मागच्या महिन्यात जिन्यात माझा तोल गेला. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. तुला 'जरा चक्कर आली' एवढंच सांगितलं होतं. त्याच्या आठ दिवस आधी रक्त तपासायला दिलं होतं. पूर्वी छापील कागद मिळायचा, तो पिशवीत घालून मी डॉक्टरांकडे जायचे. आता काउंटरवरची मुलगी म्हणते, 'आजी, व्हॉट्सॲपवर पाठवलाय.' कुणाच्या? तुझ्या. नाव नोंदवताना तूच तुझा नंबर दिला होतास. सोडियम १२६ आलं होतं, ते १३५ च्या वर हवं. ब्लडप्रेशरच्या ज्या गोळीने लघवी जास्त होते, तिने आमच्या वयात असं होऊ शकतं म्हणे. डॉक्टरांनी गोळी बदलली, आठवड्यात डोकं जागेवर आलं. पण तोवर रिपोर्ट बंगळुरात तुझ्या खिशात, आणि मी इथे भिंत धरून चालतेय.

रागावलेली नाही. म्हणजे, थोडी आहे.

त्या सरकारी वय वंदना कार्डाचंही तेच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे हॉस्पिटलातले उपचार फुकट. गेले मी काढायला. अंगठा लावला तर रेषाच उमटेनात. इतकी वर्षं भांडी घासली, त्यात त्याही गेल्या असतील. मग ओटीपी. आधारलाही तुझाच नंबर! तीनदा फोन लावला. तू उचललास तेव्हा मुदत संपली होती आणि मागची रांग चुळबुळत होती. आले परत, पुन्हा गेलेच नाही.

असं दोनदा झालं ना, की माणूस जायचंच टाळतो. गुडघा दुखला तरी 'बघू' म्हणतो. तलावपाळीवर आम्ही पाचजणी संध्याकाळी बसतो. त्यातल्या एकीने मोतीबिंदू वर्षभर तसाच ठेवला. नंबर ऑनलाइन लावायचा, आणि सुनेला सारखं काय सांगायचं! आता तिला रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, म्हणून ती यायचीच बंद झाली. हयातीच्या दाखल्याला मात्र पोस्टमन घरी येतो, तिथल्या तिथे मशीनवर करून देतो. तेवढं एक बरं आहे.

दिवाळीला येशील तेव्हा नवा फोन आणू नकोस, आहे तोच पुरे. एक सकाळ माझ्याबरोबर आधार केंद्रात चल आणि तिथे माझा नंबर घाल. लॅबमध्येही माझाच. रिपोर्ट तुलाही पाठवतील तर पाठवू देत, पण आधी मला.

आणि दोन संध्याकाळी माझ्याजवळ बस. दर वेळी 'आण इकडे, मी करून देतो' म्हणत फोन हातातून काढून घेतोस. म्हणून तर मला आलं नाही. गाडी शिकताना बाबांनी तुझ्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं नव्हतं, त्या कोपऱ्यावरच्या झाडाला ठोकलीस तरी. माझं बोट चुकीच्या जागी पडेल, पडू दे. तू फक्त शेजारी बस.

चकलीची भाजणी दळून ठेवते. मागच्या खेपेचे तीन डबे तुझ्याकडेच आहेत, ते आठवणीने आण.

तुझी आई