डान्सफ्लोअर भरलेला आहे तोवरच निधी उभा करू या

सप्रेम नमस्कार,

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्लबांत रात्रपाळी करणाऱ्यांची ही आमची छोटी समिती. साउंड सांभाळणारे, लाइट चालवणारे, दारावर उभे राहणारे, बारमागे राबणारे, लोकांचे कोट नि पिशव्या जपणारे, पहाटे फरशी पुसणारे आणि डीजे, असे सगळे तीत आहेत. आम्ही एक कायमचा संकटनिधी उभा करतो आहोत आणि त्यासाठी आपली मदत मागायला आलो आहोत. कोरोनाच्या साथीत आली तशी क्लब बंद करायची वेळ उद्या पुन्हा आली, तर ज्याचं काम गेलं त्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात काही रक्कम पडावी, यासाठी हा निधी.

आता सगळं सुरू झालंय, रात्री गर्दी असते, मग हे आत्ताच कशाला, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं लांबीचं आहे, पण ते वाचाच अशी विनंती.

मार्च २०२० मध्ये आमचं दार बंद झालं, तेव्हा दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मी साउंडवर होतो. मिक्सरवर कापड टाकलं, टर्नटेबलच्या सुया काढून डबीत ठेवल्या आणि घरी गेलो. पुढे परवानगी काढून आठवड्यातून एकदा तिथे जायला लागलो. बंद तळघरात ओल साचते, स्पीकरचे कागदी कोन ती धरतात, आणि अ‍ॅम्प्लिफायर महिनोन्‌महिने थंड पडून राहणं बरं नाही, म्हणून तासभर सगळी सिस्टीम हळू आवाजात चालू ठेवायचो. माणसांनी भरलेल्या खोलीत आवाज मऊ होतो. अंगं नि कपडे तो पिऊन टाकतात. तिथे तोच बेस रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होता. चौथ्या-पाचव्या फेरीपासून मी सिस्टीम लावून द्यायचो आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसायचो, कारण आत थांबवत नव्हतं. त्या फेऱ्यांचे पैसे मिळाले नाहीत. मागणार तरी कुणाकडे? मालकाचंच भाडं थकलं होतं.

हॉटेलाला पार्सल देता आलं, दुकानाला घरपोच माल पोचवता आला. क्लबजवळ द्यायला असतं काय? शेजारी अनोळखी माणूस, अंधार, आणि छातीत वाजणारा बेस. साथीत नेमकं तेच वर्ज्य होतं. म्हणून जवळजवळ सगळीकडे क्लब आधी बंद झाले आणि सर्वांत शेवटी उघडले. फ्रान्समध्ये डिस्कोथेक मार्च २०२० ला बंद झाले ते थेट ९ जुलै २०२१ ला उघडले. सोळा महिने.

बंद ठेवणं चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. मे २०२० मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांतून संसर्ग पसरला, तेव्हा शहरानं दोन हजारांहून अधिक नाइटक्लब आणि बार बंद केले, आणि तिथे गेलेल्या लोकांवर, विशेषतः समलैंगिकांवर, इतका राग निघाला की अनेकांना चाचणीला पुढे येण्याचीही भीती वाटू लागली. साथीचं खापर डान्सफ्लोअरवर फुटायला वेळ लागत नाही. म्हणूनच दार लावणं हे आम्ही आमचंही कर्तव्य मानतो. पण सगळ्यांच्या भल्यासाठी ज्याला घरी बसवलं, त्याच्या घरी चूल पेटते की नाही हे बघणंही सगळ्यांचंच काम आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

क्लबांनी हातपाय गाळले नाहीत, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्येच चीनमधल्या क्लबांनी फोनवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. लोक घरी पलंगावर बसून डीजेचे सेट ऐकत आणि स्क्रीनवरूनच बक्षिशी पाठवत. १८ मार्च २०२० ला बर्लिनच्या क्लबांनी मिळून ‘युनायटेड वी स्ट्रीम’ सुरू केलं. रोज संध्याकाळी सात ते मध्यरात्र, रोज वेगळा क्लब, समोर एकही माणूस नाही, आणि डीजे वाजवतोय. ‘आर्ते’ या वाहिनीनं ते जगभर दाखवलं. जमलेल्या देणग्यांतला आठ टक्के हिस्सा त्यांनी भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांना वाचवणाऱ्या कामासाठी बाजूला काढला. स्वतःची दारं बंद असताना हे त्यांना सुचलं, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं. मँचेस्टरनं हीच कल्पना उचलली आणि पाच लाख पौंडांहून अधिक जमवले.

बाकी प्रयोगही झाले. मे २०२० मध्ये जर्मनीतल्या श्युटॉर्फ इथल्या ‘इंडेक्स’ क्लबनं अडीचशे गाड्या आवारात घेऊन डिस्को केला. एका गाडीत दोघं, काचेआड, आणि ड्रॉप आला, म्हणजे थांबवून धरलेला बेस पुन्हा कोसळला, की टाळ्यांऐवजी हॉर्न. पुढच्या महिन्यात नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात ‘डोर्नरोश्ये’नं दूर दूर खुर्च्या मांडल्या आणि तीस जणांना अर्धा तास बसल्या जागी नाचू दिलं. त्या खुर्च्यांचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघितलेत. हात वर आहेत, डोळे मिटलेले आहेत, आणि कंबर मात्र खुर्चीला चिकटलेली. बघणाऱ्याला ते केविलवाणं वाटेल. मला त्यात नाचल्यावाचून राहवत नाही अशी माणसं दिसली. बर्लिनच्या ‘बेर्गहाइन’नं सप्टेंबर २०२० मध्ये शहरातल्या कलावंतांचं प्रदर्शन आत भरवलं आणि इमारतीवर भलामोठा फलक लावला: ‘उद्या हाच प्रश्न आहे’. ‘किटकॅट’ क्लबमध्ये त्याच वर्षाच्या शेवटी कोरोनाची जलद चाचणी करून मिळू लागली.

आता हिशेबाकडे येतो, कारण आमचं म्हणणं तिथेच आहे. प्रक्षेपणानं क्लबचं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं, थोडं भाडं निघालं. पण बर्लिनच्या क्लबांवर सुमारे नऊ हजार लोकांची रोजीरोटी होती. कॅमेऱ्यासमोर एका रात्री चार डीजे आणि मोजके तंत्रज्ञ लागतात. कोट सांभाळणाऱ्या मुलीला प्रक्षेपणात काम काय असणार? दारावरच्या माणसाला? ग्लास उचलणाऱ्याला? जी कला आम्ही जगाला फुकट दाखवली, तिच्यातून आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी काहीच पोचलं नाही.

सरकारांनी मदत केली, आणि काही ठिकाणी मोठी केली. बर्लिननं एकट्यानं धंदा करणाऱ्यांना पाच हजार यूरो दिले, तेही झटपट. जर्मनीत कामाचे तास कमी झालेल्यांना बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम मिळायला लागली. पण ‘मिनीजॉब’वाल्यांना, म्हणजे महिन्याला थोडक्या पगारावर विम्याशिवाय काम करणाऱ्यांना, ती लागू नव्हती, आणि क्लबातला बार, दार, क्लोकरूम हे बरंचसं अशाच लोकांवर चालतं. ब्रिटननं संस्कृतीसाठी १५७ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला, त्यातून लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ला पावणेदहा लाख पौंड मिळाले. चांगलंच झालं, तो क्लब टिकायलाच हवा होता. मात्र त्याच देशात स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठीच्या योजनेत निदान निम्मी कमाई स्वतंत्र कामातून हवी, आधीच्या वर्षाचं विवरणपत्र हवं, अशा अटी होत्या. नुकतंच काम सुरू केलेला साउंड इंजिनिअर त्यात बसला नाही. दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवार डीजे, तोही नाही.

आणि वेळ. अमेरिकेत बंद पडलेल्या कार्यक्रमस्थळांना वाचवायचा कायदा २७ डिसेंबर २०२० ला झाला. अर्ज घ्यायला एप्रिल २०२१ उजाडला, ती यंत्रणा पहिल्याच दिवशी कोलमडली, आणि पैसे मे महिन्याच्या शेवटाकडे सुटू लागले. वॉशिंग्टनमधला ‘यू स्ट्रीट म्युझिक हॉल’, दहा वर्षांचा क्लब, ऑक्टोबर २०२० मध्येच कायमचा बंद झाला होता.

अब्जावधींचे निधी आमच्यासारख्यांना उभे करता येणार नाहीत. पण पहिल्या आठवड्यात पोचणं आम्हाला जमेल, आणि मोठ्या योजनांना नेमकं तेच जड जातं.

आमच्या एका लाइटवाल्याची गोष्ट सांगतो. बंदीच्या पाचव्या महिन्यात त्यानं आपला कन्सोल, म्हणजे लाइट चालवायचं बटणांचं पॅनेल, विकायला काढला. त्याच्या प्रत्येक सरकत्या बटणाखाली पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात नावं लिहिलेली: ‘मागची भिंत’, ‘धूर’, ‘पहाट’. घेणारा दारात उभा होता आणि हा नखानं एकेक पट्टी सोलत होता. ‘पहाट’ची पट्टी निघेना, तेव्हा तशीच राहू द्या म्हणाला. ती पट्टी म्हणजे शेवटच्या गाण्याला हळूहळू वर येणारा केशरी प्रकाश. तो करावा तर त्यानंच. क्लब उघडल्यावर तो परतला नाही. दोन महिन्यांच्या खर्चाची सोय असती, तर कन्सोल विकला नसता असं तो स्वतः सांगतो. असं हातचं माणूस गेलं की पैसे आल्यावरही ते परत मिळत नाही.

रागाच्या भरात काय होतं तेही बघितलंय. ३१ मे २०२० ला बर्लिनच्या कालव्यात क्लबांना पाठिंबा म्हणून शेकडो रबरी होड्या उतरल्या, हजारो लोक जमले, मास्क थोड्यांच्याच तोंडावर, आणि हे सगळं एका रुग्णालयासमोर. प्रचंड टीका झाली. आम्हालाही वाईट वाटलं, कारण मागणी खरी होती आणि ती मांडायची जागा सपशेल चुकली होती. आत आजारी माणसं, दमलेल्या परिचारिका, आणि बाहेर आमचं संगीत. आमचा निधी मागताना आम्ही कुणाच्या दुखण्यावर पाय देणार नाही, हे तेव्हाच ठरवलं.

त्याउलट बार्सिलोनाचं उदाहरण. डिसेंबर २०२० मध्ये ‘साला अपोलो’त चाचणी करून, मास्क लावून ४६३ जणांना आत सोडलं, पुढे त्यांची तपासणी झाली, आणि त्यांच्यातल्या कुणालाही संसर्ग झालेला आढळला नाही. ३० एप्रिल आणि १ मे २०२१ ला लिव्हरपूलच्या गोदीतल्या एका वखारीत, आदल्या दिवसाची निगेटिव्ह चाचणी दाखवून, रोज तीन हजार लोक मास्कशिवाय नाचले. शास्त्रज्ञांच्या हातात हात देऊन दार उघडता येतं. आपल्याकडे पुढची वेळ आली, तर अशा प्रयोगात आधी नाव आमचं असेल.

उघडल्यावर संपलं, असंही नाही. बर्लिनमधले क्लब सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले, डिसेंबरात नाचायला पुन्हा बंदी आली, ती मार्च २०२२ मध्ये उठली. फ्रान्समध्येही डिसेंबर ते फेब्रुवारी पुन्हा कुलूप. दरवेळी तिकिटं परत, दरवेळी कामावर घेतलेल्यांना पुन्हा घरी. मे २०२१ मध्ये जर्मन संसदेनं क्लब हे सांस्कृतिक स्थळ आहे असा ठराव केला, त्याचा आम्हाला खूप आनंद झाला. पण ‘युनायटेड वी स्ट्रीम’चं पहिलं प्रक्षेपण ज्या ‘वॉटरगेट’ क्लबातून झालं, तो साथीतून तरला आणि २०२४ च्या शेवटी वाढता खर्च, भाडं आणि बदललेल्या गर्दीपुढे हरला. संकट दरवेळी विषाणूच्याच रूपात येतं असं नाही. आग, पूर, भाडं, काहीही असू शकतं. आमचा निधी या सगळ्यासाठी आहे.

काम कसं चालेल ते मोकळेपणानं सांगतो. सगळ्यात आधी यादी. २०२० मध्ये कुठल्या क्लबात कोण काम करतं, हेच कुणाकडे लिहिलेलं नव्हतं. नंबर मॅनेजरच्या फोनमध्ये, फोन बदलला की माणूस हरवला. म्हणून रात्रीच्या कामाशी जोडलेल्या प्रत्येकाचं नाव आम्ही नोंदवतो आहोत. मदत मागणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांत निदान तीन रात्री काम केल्याचं दोन सहकाऱ्यांनी सांगितलं, की पुरे. बिलं, विवरणपत्रं नकोत. मोठ्या डीजेला आणि फरशी पुसणाऱ्याला रक्कम सारखीच, आणि ती कर्ज नाही. क्लबच्या मालकांना यातून काही दिलं जाणार नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. समितीतलं कुणीही मानधन घेत नाही, आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्च सर्वांसमोर वाचून दाखवला जाईल.

आपल्याकडून हवं ते असं. वर्षातून एकदा, आपण एका रात्रीच्या तिकिटाला जेवढे पैसे देता तेवढे या निधीला द्या. डीजे मित्रांना विनंती, वर्षातल्या एका कार्यक्रमाची बिदागी द्या. क्लब चालवणाऱ्यांनी एका रात्रीचं दार, म्हणजे तिकिटांची सगळी वसुली, निधीच्या नावे करावी. तीन क्लबांनी याला होकार दिला आहे. हिशेब बघायला एक सनदी लेखापाल आणि नियम तपासून द्यायला एक वकील हवा आहे, महिन्यातून दोन तास पुरतील. पडून असलेला मिक्सर, हेडफोन, केबल, जुना लाइट कन्सोल असेल तर द्या. आम्ही दुरुस्त करून ज्यानं साथीत आपलं सामान विकलं त्याला देऊ. पहिला कन्सोल कुणाकडे जाणार ते आमचं ठरलेलं आहे.

रक्कम समितीच्या खात्यात किंवा कार्यक्रमाच्या रात्री दाराजवळच्या आमच्या टेबलावर द्यावी, आणि पावती न चुकता घ्यावी. साउंडचेकच्या वेळी, दारं उघडायच्या तासभर आधी, आमच्यापैकी कुणी ना कुणी तिथे असतंच. या, बसा, काय विचारायचं ते विचारा.

आपले नम्र,
रात्रपाळी कामगार संकटनिधी समितीचे सर्व सदस्य