दुष्काळातली वाटणी आधी ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाणीवाटपाच्या कराराची बातमी आली की मी तिच्यात एकच ओळ शोधतो : पाऊस पडला नाही तर काय? कोणाच्या वाट्याला किती पाणी, ते आकडे ठळक अक्षरांत असतात. सह्या करणाऱ्यांचा फोटो असतो. ही ओळ मात्र सापडत नाही, कारण बहुतेक वेळा ती करारातच नसते. भरपूर पावसाच्या मुलखात तिच्यावाचून एखाद वेळ निभावून जाईल. कोरड्या प्रदेशात तिच्याविना केलेला करार पहिल्याच मोठ्या दुष्काळात मोडतो, आणि मोडताना शेजाऱ्यावरचा विश्वासही घेऊन जातो.

माझी नोकरी कालव्यावर गेली. एका टंचाईच्या वर्षी एका चारीवर भांडण पेटले. आमच्या वहीत पूर्ण पाणी सोडल्याची नोंद होती आणि टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी शपथेवर सांगत होते की निम्मेही पोचत नाही. दोन्ही बाजू एकमेकांना खोटारडे म्हणत होत्या. शेवटी दोन्हीकडची चार माणसे चारीत उतरली. पाहतात तो मोजपट्टीच्या पायथ्याशी हातभर गाळ! पट्टी पाण्याची उंची म्हणून जी दाखवत होती, तिच्यात बराचसा गाळच होता. खोटे कोणीच बोलत नव्हते. फावड्याने गाळ काढला, सगळ्यांदेखत पट्टी वाचली आणि त्या आवर्तनापुरते भांडण थांबले. धरणात पाणी होते तेवढेच होते. तेव्हापासून मला वाटत आले आहे की पाण्याच्या भांडणात निम्मा वाटा मोजणीवरच्या अविश्वासाचा असतो.

हे चारीपुरते खरे नाही. जॉर्डन आणि इस्राएल या दोन देशांत 1994 पर्यंत कागदोपत्री युद्धच होते. तरीही त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडचे पाणी अधिकारी यार्मुक आणि जॉर्डन नद्यांच्या संगमाजवळ भेटत, उघड्यावर टेबलाशी बसून नदीत किती पाणी आहे आणि ते कसे वळवायचे हे बोलत. त्या बैठकांना ‘पिकनिक टेबल’ असेच नाव पडले. ज्यांच्या सरकारांनी एकमेकांना मान्यताही दिलेली नव्हती, त्यांनी एकाच नदीची पातळी मिळून पाहिली! पुढे 1994 चा शांतता करार झाला, त्यात पाण्याचे तपशीलवार आकडे आले, पण दुष्काळात काय करायचे ते राहून गेले. पाचच वर्षांत, 1999 मध्ये, कडक दुष्काळ पडला. इस्राएलने पुरवठ्यात कपात करण्याचे बोलून दाखवताच जॉर्डनमध्ये संताप उसळला. अखेर पाणी दिले गेले, पण ते वरच्या पातळीवरच्या समजुतीने. करारात त्यासाठी एक ओळही नव्हती.

कोलोरॅडो नदीची गोष्ट तर प्रत्येक नियोजनकर्त्याला शिकवायला हवी. 1922 मध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांनी ही नदी वाटून घेतली : वरच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उंच साचेल तेवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्या खोऱ्याला तेवढेच. म्हणजे प्रत्येकी सुमारे 327 टीएमसी. आकडे ठरवताना समोर नोंदी होत्या त्या नेमक्या ओल्या वर्षांच्या. पुढे झाडांच्या खोडांतली वर्तुळे मोजून जुन्या शतकांतला प्रवाह काढला गेला. 1976 मध्ये आलेल्या अशा अभ्यासाने दीर्घकालीन सरासरी सुमारे 1 कोटी 35 लाख एकर-फूट दाखवली. वाटप मात्र केले होते दीड कोटींचे. शिवाय 1944 च्या तहाने मेक्सिकोला 15 लाख देण्याचे वचन दिलेले! नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले, आणि नदीचे तोंड वर्षानुवर्षे कोरडे पडू लागले.

या नदीवर पुढे सुचलेले शहाणपणही सांगितले पाहिजे. 2012 आणि 2017 मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोने तहाला पुरवण्या जोडल्या. लेक मीड जलाशयाची पातळी अमुक उंचीखाली गेली की दोघांनीही ठरलेल्या मापाने पाणी कमी घ्यायचे, आणि पातळी वाढली तर जास्तीतही दोघांचा वाटा. 2021 च्या ऑगस्टमध्ये इतिहासात पहिल्यांदाच तिथे अधिकृत तुटवडा जाहीर झाला, तेव्हा मेक्सिकोची कपातही आधी लिहून ठेवलेली होती. ती त्या दिवशी नव्याने भांडून ठरवावी लागली नाही.

याहून कितीतरी जुनी आणि माझ्या मते सर्वांत चोख रीत ओमानच्या ‘फलज’मध्ये आहे. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने गावापर्यंत आणणारे हे पाट. त्यांपैकी पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, आणि तीनेक हजार आजही वाहते आहेत. तिथे वाटा लिटरात नसतो, वेळेत असतो. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली पाहून पाळी मोजायची, रात्री ताऱ्यांवरून. पाणी आटले की प्रत्येकाच्या त्याच घटकेत थोडे कमी येते, म्हणजे तूट आपोआप सगळ्यांत वाटली जाते. पाट गावात शिरतो तिथे आधी पिण्याचे भरून घेतात, मग तो खजुराच्या बागांकडे जातो. हंगामी पिकांची शेते टोकाला असतात आणि टंचाईत आधी तीच पडीक ठेवतात. कोणी किती आणि आधी काय सोडायचे, हे सगळे दुष्काळ येण्यापूर्वीच ठरलेले. आपल्या पाणीपाळीत मुरलेल्या माणसाला हे लगेच उमगेल.

देशादेशांत हे जमते का? सेनेगल नदीवर जमले. साहेलमधल्या भीषण दुष्काळाच्या काळात, 1972 मध्ये, माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी नदीसाठी एक संघटना उभी केली. मानांताली धरण मालीच्या हद्दीत आहे, पण ते मालीचे एकट्याचे नाही. मोठी कामे तिघांच्या सामाईक मालकीची, कर्जही सामाईक. 2002 च्या जलसनदेत पाणी देशांत वाटलेच नाही, ते शेती, वीज, पिण्याचे पाणी, नौकानयन अशा वापरांत वाटायचे ठरले. 1989 मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात रक्तपात झाला, राजनैतिक संबंध तुटले, तरी ही संघटना टिकली. नदी जिथे उगम पावते तो गिनी देश 2006 मध्ये तिच्यात आला. या धरणांनी पुरावर पिकणाऱ्या पारंपरिक शेतीचे नुकसान केले आणि मुखाजवळच्या डायमा बंधाऱ्यामागे गोगलगायींतून पसरणारा आजारही वाढवला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या चुकांचा जाब विचारायला तिथे एक सामाईक दार तरी आहे.

मध्य आशियात सिर दर्या नदीवर उलटे घडले. सोव्हिएत काळात किर्गिझस्तानचे तोक्तोगुल धरण उन्हाळ्यात खालच्या कापसासाठी पाणी सोडी आणि हिवाळ्यात खालून त्यांना कोळसा, गॅस मिळे. 1991 नंतर इंधन पैसे मोजून घ्यावे लागले, तेव्हा त्यांनी विजेसाठी हिवाळ्यातच पाणी सोडायला सुरुवात केली. खाली थंडीत पूर, उन्हाळ्यात टंचाई. वरच्याची चूल कशावर पेटणार याचा विचार न करता खालच्याने पाणी मागितले तर ते मिळत नाही, एवढे यातून घ्यायला हवे.

भूजलाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. नदी निदान डोळ्यांना दिसते. अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबिया यांच्या खाली सहारात सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचा एकच जलसाठा पसरलेला आहे. उपसा पुनर्भरणाच्या दुपटीहून अधिक. एका देशाने बोअर खोल नेला की शेजाऱ्याच्या झऱ्याची धार बारीक होते, आणि शेजाऱ्याला कारण कळतही नाही. या तिघांनी निदान आपापल्या विहिरींच्या नोंदी एका ठिकाणी आणल्या, साठ्याचा हिशेब मांडणारे एकच प्रतिमान (मॉडेल) मान्य केले आणि सल्लामसलतीची कायमची व्यवस्था केली. जॉर्डन आणि सौदी अरेबियाने 2015 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले : दिसीच्या सामाईक साठ्यावर, सीमेच्या दोन्ही बाजूंना, उपसा बंद करायचा पट्टाच आखला. हे पाणी हजारो वर्षांपूर्वीचे आहे, पुन्हा भरणारे नाही. तिथे वाटणीचा अर्थच वेगळा होतो, कारण आपण पुढच्या पिढ्यांच्या वाट्यातून काढत असतो.

पाण्याचे आकडे हे सरकारी गुपित, शेजाऱ्याला दाखवायचे नाहीत, असे अनेक ठिकाणी मानले जाते. मला हे अजिबात पटत नाही. आकडा लपवला तरी तहान लपत नाही. संशय तेवढा वाढतो, आणि संशयी शेजारी आपल्या गरजेपेक्षा जास्तच उपसून ठेवतो.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यापुढे कोणत्याही दोन राज्यांच्या वा देशांच्या पाणीकराराची बातमी छापताना आपल्या बातमीदारांनी सह्या करणाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत : पाणी निम्मे आले तर कोण किती कमी घेणार, आणि मोजपट्टी कोण कोणासोबत वाचणार? उत्तर मिळाले नाही, तर तेही बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावे.

आपला विश्वासू,
कालव्यावरून निवृत्त झालेला एक वाचक