म्हाडाच्या या माणसांचीही दखल घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. ती तुमच्या अंकात आली की मी आधी आमच्या चाळीचं नाव शोधते, मग आजूबाजूच्यांची. आमची चाळ गिरगावातली, १९४० च्या आधी बांधलेली, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे सेस, भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या ‘अ’ वर्गातली. यादीत नाव नसलं तरी पावसात डोळ्याला डोळा लागत नाही. २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली, २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीची दुर्घटना झाली. त्या बातम्या आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही.

म्हाडा म्हटलं की लोकांना घरांची सोडत आठवते, नाहीतर रखडलेली फाईल. सरकारी कचेऱ्यांबद्दलच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण जे मी स्वतः पाहिलं, तेही कुठेतरी छापून यावं म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या तुळईखाली चीर पडली. मालकांना फोन लावून लावून थकलो. शेवटी पावसाळी नियंत्रण कक्षाला कळवलं. रात्री साडेदहाला एक तरुण कनिष्ठ अभियंता गुडघ्यापर्यंत भिजून आला. त्याने बॅटरीच्या उजेडात तुळई पाहिली, हातोडीने भिंत ठोकून आवाज ऐकला. मग पिशवीतून काचेची एक अरुंद पट्टी काढली, चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरने पक्की बसवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. “काकू, ही काच तडकली तर समजायचं, चीर वाढतेय. किती वाजलेत ते बघू नका, मला फोन करा,” असं म्हणून स्वतःचा नंबर देऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठलेल्या माझ्या सुनेला काच मधोमध तडकलेली दिसली. तासाभरात तो हजर. दुपारपर्यंत टेकू लागले आणि त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या झाल्या. संध्याकाळी आमचे शेजारी सायनच्या प्रतीक्षानगरला, संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत गेले.

इथवरचं काम हे त्याचं कर्तव्य होतं असं कोणी म्हणेल. कबूल. पुढचं मात्र कोणाच्याच कर्तव्याच्या यादीत नव्हतं.

त्या खोल्यांपैकी एकीत ऐंशी ओलांडलेल्या आजी एकट्या राहायच्या. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर. चाळ सोडताना आपण मूळ भाडेकरू आहोत हे सिद्ध झालं नाही, तर पुढे नव्या इमारतीतल्या घराचा हक्क अडकतो. एक दलाल तेवढ्यात येऊन “वीस हजारात सगळं करून देतो” म्हणून गेलाही होता. अभियंत्याने ही गोष्ट कचेरीतल्या एका लिपिक बाईंच्या कानावर घातली. त्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, आल्या आणि गॅलरीत स्टूल टाकून बसल्या. आजींची पत्र्याची ट्रंक उघडली. जुन्या नऊवारीच्या घडीत १९६१ पासूनच्या भाडेपावत्या निघाल्या, शिवाय शिधापत्रिका, बेस्टची बिलं आणि सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला. बाईंनी सगळं वर्षवार लावलं, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते सांगितलं आणि फोल्डरवर स्केचपेनने ठळक लिहिलं : “मूळ कागद कोणालाही देऊ नये.” त्या एका दुपारी पाच बिऱ्हाडांचे कागद मार्गी लागले. आजींनी एक पैसाही दिला नाही.

प्रतीक्षानगरचीही एक गोष्ट सांगते. तिथे महिन्याला फिरणाऱ्या भाडेवसुलीकाराला कुठल्या दाराआड कोण एकटं आहे हे पाठ आहे. एका आजोबांचं दार दोन हाकांनी उघडलं नाही, तर पावतीपुस्तक खिशात घालून त्याने शेजाऱ्यांना जमवलं आणि त्यांना सायन रुग्णालयात पोचवलं. आजोबा आता बरे आहेत.

संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं अडकलेली कुटुंबं आम्ही पाहतो. भूखंड अरुंद असतो, रस्तारुंदीत जागा जाते, इमारत पुन्हा उभीच राहत नाही. मग घर मिळण्यासाठी बृहतसूचीत, म्हणजे अशा भाडेकरूंना कायमचं घर देण्याच्या म्हाडाच्या यादीत, नाव लागण्याची वाट पाहायची. अशा माणसाला चौकशीला गेल्यावर नावाने ओळखणारा कोणी भेटणं किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्यांना कळायचं नाही.

हे सगळं आज त्या माणसांच्या भलेपणावर चाललं आहे, आणि मला तेच खटकतं. एप्रिल-मे महिन्यांत दुरुस्ती मंडळाच्या विभागीय कचेऱ्यांनी चाळींतच कागदपत्र तपासणीची शिबिरं घ्यावीत आणि तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा. त्या बाईंना त्यासाठी शनिवार का खर्चावा लागावा?

आमच्या अभियंत्याची गेल्या वर्षी बदली झाली. तरी यंदा पहिल्या मोठ्या पावसात त्याचा फोन आलाच : “काकू, नवी पट्टी शाबूत आहे ना?” त्या पट्टीवरची तारीख त्याला तोंडपाठ होती. बदली होणाऱ्याने नव्या माणसाला बरोबर घेऊन चाळ फिरून दाखवावी, कुठली चीर कधीची आणि कुठल्या खोलीत जिना उतरू न शकणारं कोण आहे ते सांगावं, असा नियमच हवा.

तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वर्षी धोकादायक इमारतींची यादी छापाल तेव्हा तिच्याखाली नियंत्रण कक्षाचा नंबर आणि भाडेकरूंनी हाताशी ठेवायच्या कागदांची नावंही छापा. आमच्या चाळीत ते कात्रण मी स्वतः जिन्यापाशी चिकटवीन.

आपली,
एक चाळकरी वाचक,
गिरगाव, मुंबई