पिवळा उजेड फक्त मरीन ड्राइव्हच्याच नशिबी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रस्त्यावरचे दिवे आणि लहानपणीच्या कल्पना यांवर आपण पाऊण पान खर्ची घातलंत. लेखिकेची भाषा छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की एवढ्या पाऊण पानात एकाही दिव्याचं नाव धड नाही. 'जुने पिवळे बल्ब' गेले आणि 'निर्जीव एलईडी' आले, एवढ्यावरच सगळी हळहळ. अहो, ते बल्ब नव्हते. ज्या उजेडासाठी लेखात उसासे टाकलेत तो हाय प्रेशर सोडियमचा, म्हणजे सोडियमच्या वाफेच्या दिव्याचा. गल्लीत ७० वॅट, मोठ्या रस्त्याला १५० नाहीतर २५०, चौकातल्या हायमास्टवर, म्हणजे दिव्यांचा झुबका असलेल्या उंच खांबावर, ४००. त्याच्या आधी निळसर-हिरवट मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचे दिवे, आणि बोळातून ४० वॅटची ट्यूब. खरोखरचा तारेचा पिवळा बल्ब खांबावर पाहिलेली मंडळी आता पणतवंडं खेळवत असतील.

लेखातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे तो 'श्वास घेणारा दिवा'. आपोआप विझणारा, थोड्या वेळाने पुन्हा पेटणारा, ज्याच्याखालून मुलं जीव मुठीत धरून पळायची. असा एक दिवा जवळपास प्रत्येक वस्तीत होता आणि प्रत्येक वस्तीत त्याचं भूत वेगळं होतं. लेखिकेने तो 'लहरी' म्हणून सोडून दिला. त्यात लहर कसली? सोडियमच्या दिव्यात काचेच्या आत एक बोटभर नळी असते, तिच्यात सोडियम आणि पारा. इग्नायटर, म्हणजे दिवा पेटवणारी डबी, दोन-चार हजार व्होल्टचे ठोके देतो, ठिणगी पडते, आणि पुढे चोक करंट आवरून धरतो. आधी निस्तेज पांढुरका, मग निळसर, मग गर्द पिवळा, आणि चार-पाच मिनिटांनी सोनेरी. म्हणूनच संध्याकाळी सगळे खांब एकदम लागत नसत. कोणी पुढे, कोणी मागे. नळी म्हातारी झाली की तिला पेटतं राहायला जास्त व्होल्टेज लागू लागतं. २३० व्होल्टच्या लाइनवर चोक देऊन देऊन किती देणार? दिवा पूर्ण तापला, मागणी हाताबाहेर गेली, की विझतो. मिनिट-दोन मिनिटांत नळी निवते, इग्नायटर पुन्हा पेटवतो, पुन्हा तेच. नळी जसजशी थकते तसतसा हा फेरा आखूड होत जातो.

यावर उपाय सोपा होता: दिवा बदला. नवा दिवा लावूनही तेच झालं तर चोक आणि लाइनचं व्होल्टेज तपासा. दिवा अजिबातच लागत नसेल तर आधी इग्नायटरवर संशय घ्या. हे वेळेत केलं नाही की रात्रभर ठोके देऊन देऊन इग्नायटर जायचा आणि एका दिव्याच्या जागी दोन वस्तू बदलाव्या लागायच्या. पण 'दिवा चालू आहे की बंद' एवढंच विचारणाऱ्या तक्रारवहीत 'दोन्ही' असं उत्तर लिहायला रकाना नसे. वायरमन खाली उभा राही तेव्हा दिवा लागलेला असे. काम झालं, सही करा. मुलांची भुतं महिनोन्‌महिने टिकली ती या रकान्याच्या कृपेने.

खांबाला लाथ मारली की दिवा विझतो, हाही लेखात 'चमत्कार' झाला आहे. होल्डर सैल असला की धक्क्याने संपर्क तुटतो, आणि तापलेला सोडियम लगेच पेटत नाही, म्हणून अंधार चांगला मिनिटभर टिकतो. लाथ मारणाऱ्याला तेवढाच मान. बाकी सावली. दिवा ९ मीटर उंच, मूल १२० सेंटीमीटरचं धरा. खांबाच्या बुडाशी सावली पायाखाली, १५ मीटर दूर गेल्यावर सुमारे २.३ मीटर, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट. दिवा पाठीशी असताना सावलीचं डोकं मुलापेक्षा १५ टक्के जास्त वेगाने पुढे पळतं, म्हणून ते कधीच पायाखाली सापडत नाही. बरोबर मोठा माणूस असेल तर त्याचं डोकं आणखी जोरात. खांबांमधलं अंतर ३० मीटर असेल तर मधोमध पुढची आणि मागची सावली सारखीच गडद होते, आणि दोन पावलांत राज्य बदलतं.

पावसाचंही तसंच. दिव्याच्या झोतातले थेंबच दिसतात, बाहेरचे नाहीत, म्हणून पाऊस दिव्यातून पडतो असं वाटतं. पाऊस थांबल्यावर झाडाआडच्या दिव्याकडे बघा: काटक्यांची गोल गोल वर्तुळं दिसतील, मधोमध दिवा. काटक्या गोल नसतात, वाटेल तशा फाकलेल्या असतात. पण दिव्याच्या दिशेने रोखलेली ओली काटकी काळीच राहते आणि दिव्याला आडवी असलेली चमकते. चमकणाऱ्या तेवढ्याच तुकड्यांचं वर्तुळ होतं. मूल चालू लागलं की वर्तुळही त्याच्याबरोबर सरकतं. हे लेखात नव्हतं याचं वाईट वाटलं.

आणि यातलं काहीही एलईडीने बिघडत नाही! सावली तीच, पाऊस तोच, काटक्या त्याच. उलट पिंपळाचं पान एलईडीच्या अगदी जवळ असेल तर दिव्यातली प्रत्येक चिप आपली वेगळी सावली टाकते. एका पानाच्या वीस-पंचवीस सावल्या भिंतीवर एकमेकींवर थरथरतात. आजच्या मुलांना हे फुकट मिळतं आहे, त्यांना विचारलंय कोणी?

बिघडला तो रंग, आणि तिथे मात्र लेखिकेला पूर्ण पाठिंबा. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. सोडियमचा उजेड २००० केल्विनच्या आसपासचा, त्यात निळा जवळजवळ नाहीच. म्हणून निळा शर्ट त्याखाली काळा दिसायचा, लाल बस तपकिरी, आणि ओळखीचा रस्ता परका. एलईडीत मूळ चिप निळी असते, तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाची छटा बदलणारा लेप. तो किती आणि कसा, त्यावर छटा ठरते. म्हणजे पांढरा हा एलईडीचा स्वभाव नाही. निविदेच्या तांत्रिक तक्त्यात रंगाच्या केल्विनची एक ओळ असते, तिथे कोणीतरी ५७०० किंवा ६५०० लिहितो. त्या जागी ३००० लिहायचं, बस.

हे शक्य आहे की नाही याची चर्चा कशाला? २०१५ आठवा. मरीन ड्राइव्हवरचे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले, 'राणीचा हार' म्हणतात ती दिव्यांची रांग फिकी पडली, केवढा गहजब झाला, राजकारण झालं, तुमच्यासकट सगळ्यांनी मथळे केले. मग पिवळसर छटा परत आली की नाही? तीही एलईडीतूनच. तेव्हा विजेची बचत आड आली नाही. भांडुपच्या चाळीतल्या गल्लीचा विषय निघाला की मात्र 'पांढऱ्यात जास्त उजेड मिळतो' हे पालुपद. एकेकाळी पांढऱ्या आणि पिवळसर एलईडीच्या कार्यक्षमतेत बराच फरक होता, आता तो नाममात्र आहे. 'सीसीटीव्हीत स्पष्ट दिसायला पांढराच हवा' हेही ऐकवतात. रंग ओळखण्याच्या मोजपट्टीवर सोडियमला शंभरापैकी वीस-पंचवीस मार्क, ३००० केल्विनच्या साध्या एलईडीला सत्तर किंवा वर. कॅमेऱ्याला आणखी काय हवं?

त्यात बसवण्याची पद्धत. सोडियमच्या काळातले ब्रॅकेट वर उचललेले, १५ अंशांचे वगैरे. त्याच ब्रॅकेटवर नवी फिटिंग चढवली की झोत रस्ता सोडून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जातो आणि मुलांच्या अंथरुणावर रात्रभर दुपार. फिटिंगच्या मानेला कोन बदलायची सोय असते, दोन बोल्ट ढिले करून ती जमिनीला समांतर करायची. तरी खिडकीत उजेड येत असेल तर मागून पत्र्याचा आडोसा लावायचा. शिडीगाडी आलेलीच असते, पाच मिनिटांचं काम. पण आता तक्रार अॅपवर करायची. खांब क्रमांक द्या, फोटो द्या, आणि दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा मेसेज घ्या. दिवा चालू आहे ना? मग झालं. रकाना अजून तोच.

लेखात बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांची गोष्ट नसती तर बरं झालं असतं. 'गॅसच्या दिव्याखाली अभ्यास करणारा बाळ ईश्वरचंद्र' वाचून हसू आलं. कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८५७ साली आले, तेव्हा विद्यासागर संस्कृत कॉलेजचे प्राचार्य होते. आणि मुलांना दिव्याखाली अभ्यासाचा उपदेश करण्याआधी आकडे बघा: भारतीय मानकांत (आयएस १९४४) गल्लीबोळासाठी सरासरी ४ लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) सांगितले आहेत, वर्गातल्या बाकावर २०० ते ३०० लागतात. तो दिवा चालण्यापुरता आहे. वाचायला घरात वीज द्या.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लपाछपीत राज्य असलेला गडी खांबाला डोकं टेकून आकडे मोजतो, हे चित्र लेखिकेने फार हौसेने रंगवलं आहे. लोखंडी खांबाच्या बुडाशी, बरोबर मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, एक झाकण असतं. त्यामागे केबलचा जोड आणि फ्यूज. ही झाकणं भंगारात जातात, जोडावर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली जाते, पावसाळ्यात पाणी शिरतं, आणि अर्थिंगची पट्टी तुटलेली असली तर सगळा खांब करंट धरतो. जून ते सप्टेंबर कोणत्याही खांबाला मुलाने हात लावू नये, उघडं झाकण दिसलं तर खांब क्रमांकासह लगेच कळवावं, एवढी चौकट त्या पाऊण पानात बसली असती. खाली केशतेलाची जाहिरात बसलीच की.

कळावे,
आपला,
दिवाबत्तीच्या कामातला एक जुना वाचक, मुंबई

ता. क. लेखासोबत 'सोडियमच्या उजेडात न्हालेली गल्ली' म्हणून छापलेल्या फोटोत मुलाचा शर्ट लख्ख निळा दिसतो आहे. तो फोटो एलईडीखालचा आहे, नंतर पिवळा केलेला. छायाचित्र विभागाला कळवावे.